वाद्यांची हजेरी

गेल्या श्रावणांतली गोष्ट आहे. आमच्या घराजवळच एक वृद्ध गवई राहतात. वय वर्षें ८१. त्यांना आम्ही सारे बुवा म्हणतों. तरुणपणीं गुरूच्या घरीं राहून त्यांनीं ज्या बंदिशी मिळविल्या, त्यांपैकीं चार अशा आहेत कीं, त्या हल्लीं त्यांच्याखेरीज दुसरें कोणी गात नाहीं आणि त्यांचें ध्वनिमुद्रणही कोठें झालेलें नाहीं. निदान माझ्या आढळांत तरी नाहीं. या चारी बंदिशी एकदां नीट मुद्रित करून ठेवाव्या म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागें लागलों होतों. अखेर एका गुरुवारीं सकाळीं सात वाजतां ते आमच्या घरीं आले. सकाळचीच वेळ निवडण्याचें कारण असें कीं, या वयांत त्यांचा गळा उठल्यावर तास-दीड तास तेवढी साथ देतो; पुढें दमा डोकें वर काढतो आणि मग गाणें संपतें.

बुवा तंबोरा जुळवीत बसले. मीं मायक्रोफोन मांडला, संगणक सुरू केला आणि ध्वनिमुद्रणाचें सॉफ्टवेअर उघडलें. पडद्यावर त्याचें नांव झळकलें, त्याखालच्या बारीक ओळींत एकामागून एक नांवें सरकूं लागलीं, आणि सरकतां सरकतां एका नांवापाशीं येऊन तीं थांबलीं. एक मिनिट गेलें, दोन गेलीं, तीन गेलीं. मग आणखी एक नांव पुढें सरकलें आणि पुन्हां तोच प्रकार. तंबोरा जुळला, बुवांचा चहा झाला. वेळ जावा म्हणून ते आपली तोडीची बंदिश गुणगुणूं लागले. स्थायी झाली, अंतराही झाला, आणि मी नुसता पडद्याकडे पाहत बसलेला. "काय रे, तुझं यंत्र अजून उठलं नाहीं का?" असें त्यांनीं विचारलें, तेव्हां माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. सॉफ्टवेअर उघडलें तें २२ मिनिटांनीं. त्यानंतर बुवांनीं एक बंदिश म्हटली, दुसरी अर्ध्यावर सोडली, आणि "उरलेल्या पुढच्या गुरुवारीं पाहूं," असें म्हणून ते उठले.

हीं २२ मिनिटें गेलीं कोठें, हें शोधण्यांत माझी ती सबंध दुपार गेली. त्या दुपारीं जें समजलें तें आज आपणांस सांगावयाचें आहे. हल्लीं पुष्कळ घरांतून संगणकावर गाणें-वाजविणें चालतें. कोणाचा मुलगा गिटारीचे तुकडे जुळवितो, कोणाची सून शिष्यांसाठीं लेहरे मुद्रित करते. त्यांपैकीं बहुतेकांनीं हा अनुभव केव्हां ना केव्हां घेतलेला असतो, आणि 'संगणक जुना झाला' असा निर्णय करून नव्या संगणकाचे पैसे मोजण्याची तयारीही चालविलेली असते. पैसे मोजण्यापूर्वीं पुढील चार गोष्टी ऐकून घ्याव्या, एवढीच विनंती.

प्रथम, ओळींत सरकणारीं तीं नांवें कोणाचीं, तें सांगतों. त्यांना प्लग-इन म्हणतात. सुटसुटीत मराठी शब्द अजून रुळलेला नाहीं, तेव्हां मीही हाच शब्द वापरणार. संगीताचें मुख्य सॉफ्टवेअर म्हणजे एक रिकामें नाटकगृह समजा. आवाज टिपून ठेवणें, तुकडे तोडणें-जोडणें, कोणाचा आवाज चढविणें, कोणाचा उतरविणें, एवढीं कामें तें स्वतः करतें. परंतु पियानो वाजविणारा, तबला धरणारा, आवाजाला देवळांतला घुमारा देणारा, पंख्याची घरघर पुसून टाकणारा, हे सारे कलावंत बाहेरून येतात. निरनिराळ्या कारखानदारांनीं लिहिलेले ते लहान लहान प्रोग्राम असतात व मुख्य सॉफ्टवेअर त्यांना आपल्या रंगभूमीवर जागा देतें. १९९६ सालीं जर्मनींतील हॅम्बर्ग येथील स्टाइनबर्ग या कंपनीनें आपल्या क्यूबेस या सॉफ्टवेअरबरोबर व्हीएसटी नांवाची पद्धत आणली आणि तिचे नियम इतरांनाही खुले केले. तेथून या कलावंतांची संख्या जी वाढत गेली ती अद्याप थांबलेली नाहीं. माझ्यासारख्या हौशी माणसाच्या संगणकावर त्या दिवशीं १८६ फायली निघाल्या. त्यांतल्या किती मीं वर्षभरांत वापरल्या होत्या, हें विचारूं नका.

शिवाय या कलावंतांच्या जाती अनेक. व्हीएसटीची दुसरी आवृत्ति १९९९ सालीं निघाली, तिसरी २००८ सालीं. अ‍ॅपल कंपनीच्या संगणकांवर ऑडिओ युनिट या नांवाची निराळी पद्धत आहे. बर्लिन येथील बिटविग व यू-ही या दोन कंपन्यांनीं २०२२ सालीं क्लॅप नांवाची आणखी एक पद्धत पुढें मांडली. एकच प्लग-इन घेतलें तरी कारखानदार तें दोन-तीन पद्धतींत एकदमच बसवून देतो. म्हणजे एकच नट तीन वेष घेऊन तीन वेळां हजेरीपटावर येतो, आणि मुख्य सॉफ्टवेअर तिन्ही पद्धती मानणारें असेल तर त्याची हजेरीही तीन वेळां घेतली जाते.

आतां हजेरी घ्यावीच कां लागते? नाटकगृहाच्या व्यवस्थापकाला प्रयोगापूर्वीं ठाऊक असावें लागतें कीं, आपल्याकडे कोण कोण आलेलें आहे, कोण गाणारा, कोण साथ करणारा. प्लग-इनाचें नांव काय, तें वाद्य आहे कीं केवळ आवाजावर संस्कार करणारें आहे, त्याला किती वाटांनीं आवाज द्यावयाचा आणि किती वाटांनीं घ्यावयाचा, ही माहिती सॉफ्टवेअरला हवी असते. यालाच स्कॅनिंग म्हणतात. शाळेंतला मास्तर नांव पुकारतो आणि मुलगा 'हजर' म्हणतो, तसें हें असतें तर १८६ नांवांना कितीसा वेळ लागला असता? परंतु व्हीएसटीच्या दुसऱ्या आवृत्तींत केवळ नांव पुकारून भागत नसे. प्लग-इन कोण आहे हें कळण्यास त्याला झोंपेंतून उठवून, वेष चढवून, रंगभूमीवर उभें करूनच विचारावें लागे. म्हणजे फाइल स्मृतींत चढवावयाची आणि आंतलें वाद्य प्रत्यक्ष उभें करावयाचें. तिसऱ्या आवृत्तींत एवढी सुधारणा झाली कीं, दारांतच एक कारकून बसविला. आंत कोण कोण आहे तें तो वाद्य उभें न करतां सांगतो. मात्र दार उघडावें लागतेंच, आणि पुष्कळ कारखानदारांनीं दार उघडतांक्षणीं करावयाचीं आपलीं खासगी कामें तेथें घालून ठेवलेलीं असतात. पुढें तर ही माहिती दाराबाहेरच एका लहानशा मजकुराच्या फाइलींत लिहून ठेवण्याची सोयही या पद्धतींत झाली, परंतु ती सर्वांनींच वापरलेली नाहीं. क्लॅप पद्धतींतही वाद्य उभें न करतां नांवनिशी मिळते.

अ‍ॅपलच्या पद्धतीचा प्रकार निराळा आहे. तेथें नुसती हजेरी नसून परीक्षा असते. ऑव्हॅल नांवाचा एक परीक्षक प्रोग्राम प्रत्येक नव्या ऑडिओ युनिटाला उघडतो, बंद करतो, निरनिराळ्या वेगांनीं आवाज देऊन पाहतो, आणि उत्तीर्ण झालें तरच लॉजिक या सॉफ्टवेअरमध्यें त्याला प्रवेश मिळतो. ही परीक्षा वेळ घेणारच, आणि मला विचाराल तर ती असावीही. भर मुद्रणांत कोसळणाऱ्या प्लग-इनापेक्षां दाराशीं अडविलेलें प्लग-इन बरें.

येथवर ऐकून आपण म्हणाल कीं, मग सॉफ्टवेअर उघडतांना रोजच इतका वेळ लागावयास हवा. तसें होत नाहीं, कारण प्रत्येक सॉफ्टवेअर एक नोंदवही ठेवतें. एकदां हजेरी झाली कीं प्लग-इनाचें नांव, तें कोठें ठेवलें आहे, त्याची फाइल शेवटीं केव्हां बदलली, हें सारें त्या वहींत उतरतें. दुसऱ्या दिवशीं सॉफ्टवेअर फक्त एवढेंच पाहतें कीं, फाइल कालच्याच जागीं आहे ना, आणि तिची तारीख कालचीच आहे ना. दोन्ही जुळलीं तर तें पुढें जातें, दार ठोठावीतही नाहीं. नवीं आलेलीं आणि बदललेलीं तेवढींच उठविलीं जातात.

या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून ती जरा सावकाश सांगतों. नवा संगणक घेतला, किंवा शेंपन्नास प्लग-इनें एकदम बसविलीं, किंवा मुख्य सॉफ्टवेअरचीच नवी आवृत्ति घेतली, तर पहिल्या खेपेस वेळ लागणें हा दोष नव्हे. कांहीं कारखानदार आपलीं पन्नास-पन्नास वाद्यें एकाच फाइलींत कोंबतात. पडद्यावर नांव एकच दिसतें, पण तें एक नांव पुढें सरकावयास आंतल्या पन्नासांची हजेरी व्हावी लागते. हीही साधी गोष्ट आहे. अशा वेळीं संगणक तसाच सोडावा आणि जेवून यावें. दोष तेव्हांच म्हणावयाचा कीं, कांहीं नवें बसविलेलें नसतांना दुसऱ्या, तिसऱ्या, चवथ्या खेपेसही तितकाच वेळ लागतो. याचा अर्थ, कांहीं तरी वहींत उतरावयास हवें होतें आणि तें उतरत नाहीं. शोध घ्यावयाचा तो 'संगणक मंद कां' याचा नव्हे, तर 'नोंद कां होत नाहीं' याचा. प्रश्न असा फिरवून घेतला कीं अर्धें काम झालें.

बुवा गेल्यावर मीं प्रथम तेंच केलें. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हां उघडलें. पुन्हां नांवें सरकलीं आणि पुन्हां त्याच नांवापाशीं थांबलीं. म्हणजे हा पहिल्या खेपेचा विलंब नव्हता. मग माझ्याकडून एक चूक झाली, ती आपण करूं नये. ज्या नांवापाशीं ओळ थांबली होती तेंच प्लग-इन गुन्हेगार असें मीं ठरविलें आणि तें काढून बाजूला ठेवलें. पुन्हां उघडून पाहतों तों ओळ त्याच्या आधींच्या नांवावर थांबली! खुलासा साधाच आहे. कांहीं सॉफ्टवेअर प्लग-इन उघडण्यापूर्वीं त्याचें नांव पडद्यावर लिहितात, कांहीं तें काम आटोपल्यावर लिहितात. माझें दुसऱ्या प्रकारचें होतें. तें ज्याचें नांव दाखवीत होतें तो बिचारा केव्हांच हजेरी देऊन मोकळा झाला होता. अडवून बसला होता तो त्याच्या पुढचा. खरें म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन, घड्याळ समोर ठेवून, कोणतें नांव केव्हां सरकलें हें मीं शेवटपर्यंत टिपलें असतें, तर दहा मिनिटांत सर्व उलगडा झाला असता. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्यें ही वेळवार टांचणें ठेवणारी फाइलही असते. परंतु ही अक्कल मला संध्याकाळीं सुचली. दुपारीं मी कंटाळून प्रत्येक वेळीं सॉफ्टवेअर मध्येंच बंद करीत होतों. आणि मध्येंच बंद करण्याचा तोटा असा कीं, त्या क्षणीं जें प्लग-इन उघडलेलें असेल त्यानेंच सॉफ्टवेअर पाडलें असा ग्रह होऊन तें निरपराध प्लग-इन कधीं कधीं संशयितांच्या यादींत जातें. ती यादी नंतर तपासून त्याला सोडवावें लागतें.

मग मीं अर्ध्या-अर्ध्याची रीत धरली. ही रीत नवी नाहीं. दिव्यांच्या माळेंतला बिघाड शोधणारा वायरमनही ती वापरतो. माझ्या १८६ फायली कारखानदारांच्या नांवांप्रमाणें २४ फोल्डरांत होत्या. त्यांतले १२ फोल्डर मीं उचलून पार दुसरीकडे ठेवले. दुसरीकडे म्हणजे सॉफ्टवेअर ज्या ठिकाणीं शोध घेतें त्याच्या बाहेर. विंडोजवर व्हीएसटीच्या तिसऱ्या आवृत्तीचें ठिकाण ठरलेलें आहे, प्रोग्राम फाइल्समधील कॉमन फाइल्स या फोल्डरांत, आणि त्याच्या पोटांतच नवा फोल्डर करून त्यांत फायली लपविल्या तर त्या लपत नाहींत. आतां सॉफ्टवेअर उघडलें. दोन मिनिटांत उघडलें नाहीं, तर गुन्हेगार उरलेल्या बारांत; उघडलें, तर बाहेर नेलेल्या बारांत. मग त्या बारांचे सहा, सहांचे तीन, आणि असें करीत पांच फेऱ्यांत एक फोल्डर उरतो. २४ फोल्डरांना पांच फेऱ्या. १८६ फायली याच रीतीनें अर्ध्या-अर्ध्या करून पाहिल्या असत्या तरी आठ फेऱ्या पुरल्या असत्या.

यांत दोन पथ्यें आहेत. एक, बाहेर नेलेला फोल्डर परत आणला कीं सॉफ्टवेअरला तो नवा वाटतो व त्या खेपेस हजेरीला वेळ लागतो. तेव्हां प्रत्येक बदलानंतर पहिली खेप सोडून द्यावी आणि दुसऱ्या खेपेचा वेळ मोजावा. दुसरें, या अवस्थेंत जुनें काम उघडूं नये, आणि चुकून उघडलेंच तर जतन करूं नये. निम्मीं वाद्यें हजर नसतांना जतन केलेल्या गाण्याची काय अवस्था होईल, हा प्रयोग मीं केलेला नाहीं व करणारही नाहीं. आणि समजा दोन्ही अर्ध्या भागांना सारखाच वेळ लागला, तर? तर गुन्हेगार कोणी एक प्लग-इन नसून सर्वांच्याच वाटेंत कोणी तरी बसलें आहे असें समजावें. त्याविषयीं पुढें बोलतों.

पांचव्या फेरीच्या शेवटीं माझ्या हातीं एक फोल्डर उरला. एका कंपनीचीं सात प्लग-इनें त्यांत होतीं. कंपनीचें नांव घेण्याचें कारण नाहीं; हें दुसऱ्या कोणाकडूनही घडलें असतें. घड्याळ लावून पाहिलें तेव्हां प्रत्येक प्लग-इन तीन मिनिटें घेत होतें. सात त्रिक एकवीस, आणि बाकीच्या सर्व गोताला मिळून एका मिनिटाहून कमी. २२ मिनिटांचा हिशेब पुरा झाला.

परंतु हीं सात प्लग-इनें वर्षभर निमूटपणें वागत होतीं, मग त्याच दिवशीं त्यांना काय झालें? तीन दिवसांपूर्वीं त्या कंपनीचा प्रोग्राम 'नव्या आवृत्त्या आल्या आहेत, घेऊं का?' असें विचारीत होता आणि मीं विचार न करतां 'घे' म्हटलें होतें. त्यायोगें सातही फायलींच्या तारखा बदलल्या. मधल्या तीन दिवसांत मुख्य सॉफ्टवेअर उघडण्याचा प्रसंग आला नव्हता, म्हणून त्या गुरुवारीं त्या सातांची हजेरी नव्यानें होणार होती. नव्या आवृत्तीनें उठतांच पहिलें काम केलें तें परवाना तपासण्याचें. कंपनीच्या दूरच्या संगणकाला विचारावयाचें, या गृहस्थानें पैसे भरले आहेत ना? आणि आदल्या रात्रीच्या पावसांत आमच्या भागांतली इंटरनेटची तार तुटलेली होती.

येथें एक गंमत आहे. तार तुटली होती, पण घरांतलें राउटर नांवाचें उपकरण चालू होतें, त्याचा दिवा लागलेला होता, आणि संगणक त्याला जोडलेला होता. प्लग-इनाला वाटलें, रस्ता मोकळा आहे. त्यानें पत्र टाकलें आणि उत्तराची वाट पाहिली. पुन्हां टाकलें, पुन्हां वाट पाहिली. तीन मिनिटांनीं निराश होऊन त्यानें उघडण्याचें नाकारलें. उघडलें नाहीं म्हणून नोंद नाहीं. नोंद नाहीं म्हणून पुढच्या खेपेस पुन्हां उठविणें आलें. आणि पुन्हां तेंच पत्र, तीच वाट. मीं संगणकाचा इंटरनेट-संबंध अजिबात तोडून पाहिला, तों तीं साती प्लग-इनें क्षणांत नकार देऊन मोकळीं झालीं आणि सॉफ्टवेअर मिनिटभरांत उघडलें. दार बंद आहे असें दिसलें असतें तर पाहुणा लगेच परतला असता. तें अर्धवट उघडें होतें म्हणून तो उंबऱ्यावर बसून राहिला. सकाळीं हें एक बटण मला सुचलें असतें!

दुसऱ्या दिवशीं तार जोडली गेली आणि सातही प्लग-इनांची नोंद निमूटपणें झाली. मीं आदल्या दुपारीं शोध घेतला नसता, तर दोष आपोआप नाहींसा झाला असता, मला तो संगणकाच्या वयाचा वाटला असता, आणि पुढच्या पावसाळ्यांत तो पुन्हां भेटला असता.

प्रत्येकाच्या घरीं हेंच कारण असेल असें नाहीं. जीं कारणें नेहमीं आढळतात तीं थोडक्यांत सांगतों. चाचणीपुरतें फुकट घेतलेलें आणि मुदत संपलेलें प्लग-इन हा फार वेळां आढळणारा प्रकार. हजेरीच्या वेळीं तें 'मुदत संपली, विकत घेतां का?' अशी एक खिडकी उघडतें, ती खिडकी सॉफ्टवेअरच्या मोठ्या चित्रामागें झांकली जाते, आणि तें आपल्या उत्तराची वाट पाहत बसतें. आपण पुढें, तें मागें, दोघेही वाट पाहत आहांत! अशा वेळीं ऑल्ट आणि टॅब हीं बटणें एकदम दाबून मागें कोणी उभें आहे का तें पाहावें. काम सरलेलीं असलीं प्लग-इनें काढून टाकावीं हें उत्तम. परवान्याची किल्ली म्हणून जें लहान उपकरण संगणकाला टोंचून ठेवावें लागतें, तें घरच्या मुलांनीं काढून ठेवलें तरी परिणाम तोच.

सर्वांच्या वाटेंत बसणारा जो मघांशीं म्हटला, तो बहुधा विषाणुरक्षक प्रोग्राम असतो. सॉफ्टवेअर जी जी फाइल उघडील ती ती तो आधीं आपण वाचून पाहतो. पुष्कळजण सांगतात, त्याला बंदच करा. मी असा सल्ला देणार नाहीं. प्लग-इनांचा तेवढा फोल्डर त्याच्या तपासणींतून वगळतां येतो; आणि तोही, त्यांतलीं सर्व प्लग-इनें मूळ कारखानदाराकडूनच घेतलेलीं आहेत अशी खात्री असेल तरच. फुकट मिळाली म्हणून कोठून तरी उचललेली फाइल त्या फोल्डरांत असेल, तर पहारेकऱ्याला राहूं द्यावें.

शोधाची जागा फार मोठी नेमून देणें, हीही एक चूक असते. प्लग-इन सांपडत नाहीं म्हणून कोणी उत्साही मनुष्य सबंध डिस्कच शोधावयास सांगतो. मग सॉफ्टवेअर वाद्यांच्या नमुन्यांच्या हजारों फायलींतून, लग्नाच्या छायाचित्रांतून, विम्याच्या कागदांतून हिंडत राहतें. तें फोल्डर बाहेरच्या डिस्कवर असेल तर ती डिस्क आधीं जागी व्हावी लागते. आणि इंटरनेटवरील सांठ्यांत ठेवलेलें असेल तर प्रत्येक फाइल तेथून उतरवून घ्यावी लागते. ३२ बिटांचीं जुनीं प्लग-इनें ६४ बिटांच्या सॉफ्टवेअरमध्यें चालविण्यासाठीं मध्यें पूल बांधावा लागतो, तेथेंही वेळ जातो. अ‍ॅपलनें २०१९ सालच्या कॅटलिना या आवृत्तीपासून असले ३२ बिटांचे प्रोग्राम बंदच केले. विंडोजवर मात्र ते अजून दडून बसलेले आढळतात. एकच वाद्य दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तींत दोनदां बसलेलें असेल, तर एक काढावें असा मोह होतो. जुन्या गाण्यांत कोणतें वापरलें आहे तें पाहिल्याशिवाय काढूं नये. तिसरें असलें म्हणून दुसऱ्यासाठीं केलेलें गाणें उघडेलच, असा भरंवसा नाहीं.

राहतां राहिला तो उपाय, जो सर्वांच्या तोंडीं प्रथम असतो: नोंदवही पुसून टाका आणि हजेरी नव्यानें घ्या. रीपर या सॉफ्टवेअरमध्यें त्यासाठीं बटण आहे. एबल्टनच्या लाइव्हमध्यें फेरतपासणीचें बटण दाबतांना ऑल्ट किंवा ऑप्शन दाबून धरलें कीं संपूर्ण तपासणी होते. लॉजिकमध्यें प्लग-इन मॅनेजरमधून निवडक प्लग-इनांची परीक्षा पुन्हां घेतां येते. वही खरोखरच फाटली असेल, म्हणजे असलेलें प्लग-इन यादींत दिसत नसेल किंवा नसलेलें दिसत असेल, तेव्हां हा उपाय योग्य. परंतु माझ्यासारख्या दुखण्यावर त्याचा काय उपयोग? १७९ शहाण्या प्लग-इनांचीही नोंद पुसली जाऊन त्यांनाही पुन्हां उठवावें लागलें असतें, आणि सात हट्टी तेथेंच राहिलीं असतीं. शिवाय कोणाची नोंद होत नाहीं, हा जो एकच धागा हातांत असतो, तोही आपण आपल्या हातानें तोडतों.

शेवटीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या सकाळीं बुवांचा आवाज टिपण्यासाठीं त्या १८६ पैकीं एकाही प्लग-इनाची गरज नव्हती. मायक्रोफोन आणि मुद्रण करणारें कोणतेंही साधें सॉफ्टवेअर पुरे होतें. संस्कार काय करावयाचे ते नंतर, सवडीनें, गवई घरीं गेल्यावरही करतां येतात. हल्लीं मी मुद्रणासाठीं साधें सॉफ्टवेअर निराळें ठेवलें आहे. आदल्या संध्याकाळीं तें एकदां उघडून पाहतों, आणि मुद्रणाच्या आठवड्यांत कोणी कितीही विचारलें तरी नवी आवृत्ति घेत नाहीं.

पुढच्या गुरुवारीं बुवा आले. तंबोरा जुळण्यापूर्वींच यंत्र तयार होतें. गेल्या वेळीं अर्ध्यावर राहिलेली बंदिश त्यांनीं पुरी केली, तिसरीही चांगली झाली. मग तोडीची घेतली. तिची स्थायी त्यांनीं तीन वेळां म्हटली आणि ते थांबले. अंतऱ्याचे शब्द त्यांना आठवेनात. गेल्या गुरुवारीं येथेंच बसून आपण तो गुणगुणलां होतां, असें मीं सांगितलें. "हो का?" म्हणाले. त्याचें पहिलें अक्षर काय होतें तें त्यांनीं मला विचारलें. मलाही सांगतां येईना. त्यानंतर दोनदां ते आले, आणि स्थायी तेवढी आमच्याजवळ आहे.